भडोच जिल्हा

भडोच जिल्हा : गुजरात राज्यातील नर्मदेच्या मुखाशी वसलेला जिल्हा. अधिकृत नाव भरूच. क्षेत्रफळ सु. ६,५०० चौ. किमी.; लोकसंख्या १५,५१,०१९ (२०११). उत्तरेस वडोदरा जिल्हा व मही नदीच्या मुखापलीकडे आणंद जिल्हा, पूर्वेस नर्मदा जिल्हा, दक्षिणेस सुरत जिल्हा आणि पश्चिमेस खंबायतचे आखात यांनी हा सीमित झाला आहे. प्रशासनाच्या सोयीसाठी जिल्ह्याचे भडोच, अंकलेश्वर, हांसोट, वागरा, आमोद, जंबुसर, झगडिया, वालिया व नेत्रंग असे नऊ तालुके पाडलेले असून भडोच (२१° ४२′ उ. व ७२° ५९′ पू.; लोकसंख्या १,६९,००७–२०११) हे जिल्ह्याचे मुख्य ठिकाण आहे. सुपीक काळी जमीन, प्राचीन बंदर, खनिज तेल व रसायनोद्योग यांसाठी हा जिल्हा प्रसिद्ध आहे. नर्मदेचे गोडे पाणी आणि आखातातील भरतीचे खारे पाणी यांच्या परस्परसंबंधांवर येथील शेती, मासेमारी, बंदरे व कारखाने आजवर अवलंबून राहिले आहेत.

भूवर्णन : भूरचनेच्या दृष्टीने जिल्ह्याचे तीन भाग पडतात. पश्चिमेस आखाताच्या काठाने क्षारयुक्त सपाट पट्टा पसरला असून भरतीच्या वेळी त्याचा बराच भाग पाण्याखाली जातो. त्याच्या पूर्वेस गाळाचे मैदान आहे. महीपासून नर्मदेपर्यंतच्या या मैदानाचा काळ्या मातीचा भाग ‘कानम’ या नावाने ओळखला जातो. तिसरा भाग पूर्व व आग्नेयीकडील झगडिया, वालिया व नेत्रंग या तालुक्यांचा होय. राजपीपला टेकड्यांचे फाटे येथपर्यंत आले असून हा प्रदेश दख्खनच्या काळ्या पाषाणाचा, उंचसखल व काही ठिकाणी वनाच्छादित आहे.

नर्मदा ही जिल्ह्यातील प्रमुख नदी. अमरकंटकजवळ उगम पावून १,३१२ किमी. वाहत आलेली ही नदी पूर्वेकडून जिल्ह्यात शिरते आणि रुंद, नागमोडी पात्रातून पश्चिमेस जाते. शुक्लतीर्थाजवळ तिच्या पात्रात बेटे निर्माण झाली असून त्यांपैकी एकावर ‘कबीरवड’ हा विस्तीर्ण वटवृक्ष आहे. भडोच शहर नदीच्या उजव्या तीरावर, मुखापासून सु. ४८ किमी. आत वसले आहे. शहराच्या खाली पात्र रुंदावत जाऊन मुखाशी त्याची रुंदी सु. २१ किमी. होते. तेथे आलियाबेट हे गाळाने बनलेले सखल बेट आहे. नर्मदेस जिल्ह्यात डाव्या बाजूने मधुमती, कावेरी व अमरावती आणि उजव्या बाजूने भूखी हे लहान प्रवाह मिळतात. उत्तर भागातून ढाढर व दक्षिण सीमेजवळून कीम या नद्या स्वतंत्रपणे आखातास मिळतात.

खंबायतचे आखात दक्षिणेस रुंद व उत्तरेस निमुळते असल्यामुळे आत येणारे भरतीचे पाणी कोंडले जाऊन त्याची पातळी वाढत जाते. उधाणाच्या वेळी भरती व ओहोटी यांतील फरक ८ ते १० मी. पर्यंत जातो. भरतीचे पाणी वेगाने चढते आणि ओहोटीचे पाणी त्यामानाने सावकाश उतरते. त्यामुळे आखातातील बारीक गाळ नदीमुखात ओढला जाऊन तेथे साचतो. पावसाळ्यातील पुराने हा गाळ पुन्हा समुद्राकडे लोटला जातो. मुखाची खोली या दोन क्रियांच्या समतोलावर अवलंबून असते व पुराचे पाणी कमी झाल्यास तो समतोल ढळतो. जंबुसर तालुक्यातील कावी-कंबोई येथील स्तंभेश्वराचे मंदिर रोजच्या भरतीत पाण्याखाली जाते व ओहोटीस उघडे पडते, यावरून पाण्याच्या चढउताराची कल्पना येते.

जिल्हा शोण-नर्मदा विभंगरेषेच्या पश्चिम टोकाशी असल्याने भूकंपप्रवण आहे. २३ मार्च १९७० रोजी झालेल्या भूकंपात भडोच शहरातील जुन्या घरांची मोठी हानी होऊन प्राणहानीही झाली. त्याच वर्षी सप्टेंबरात नर्मदेस आलेला पूर आधुनिक काळातील सर्वांत मोठ्या पुरांपैकी एक होय. गरुडेश्वर येथे त्याचा महत्तम विसर्ग सु. ६९,४०० घ. मी. प्रतिसेकंद नोंदला गेला.

हवामान, वनस्पती व प्राणी : जिल्ह्याचे हवामान उष्ण असून समुद्रसान्निध्यामुळे किनारी भागात ते काहीसे सौम्य आहे. मे महिन्यात तपमान ४०° से. च्या वर जाते. जून ते सप्टेंबर या काळात नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांपासून पाऊस पडतो. पश्चिमेकडील मैदानात त्याचे वार्षिक मान सु. ८० सेंमी. असून पूर्वेकडील टेकड्यांत ते अधिक आहे. टेकड्यांत साग, खैर, महुडा, बांबू इ. वनस्पती, तर मैदानात बाभूळ, कडुनिंब, आंबा हे वृक्ष आढळतात. किनाऱ्यावर तिवरांची वने आहेत. आलियाबेटावरील जत पशुपालक तिवरांचा पाला खाणारे व पाण्यात पोहणारे खाराई जातीचे उंट पाळतात. पावसाळ्यात हिलसा मासा अंडी घालण्यासाठी समुद्रातून नर्मदेच्या गोड्या पाण्यात चढतो. ही मासेमारी किनाऱ्यावरील माछी समाजाचा वर्षातील प्रमुख हंगाम समजली जाते.

इतिहास : भृगू ऋषींच्या वास्तव्यावरून या स्थळास भृगुकच्छ हे नाव पडले, अशी पारंपरिक समजूत आहे. बौद्ध व जैन वाङ्मयात त्याचा भरुकच्छ असा उल्लेख येतो. ग्रीक व रोमन लेखक यास बॅरिगाझा म्हणत. इ. स. पहिल्या शतकातील पेरिप्लस या ग्रीक प्रवासग्रंथात या बंदराचे तपशीलवार वर्णन आहे. आखातातील वाळूचे दांडे, भरतीचा प्रचंड वेग व त्यामुळे जहाजांना होणारा धोका यांची त्यात नोंद असून, परकी जहाजांना वाट दाखवून नदीतून वर आणण्यासाठी राजाच्या सेवेतील स्थानिक कोळी मोठ्या होड्या घेऊन आखाताच्या तोंडापर्यंत जात, असेही त्यात म्हटले आहे. भरतीबरोबर जहाज काही अंतर वर न्यावयाचे, ओहोटीच्या वेळी ठरलेल्या डोहात नांगर टाकून थांबावयाचे आणि पुढील भरतीस पुन्हा निघावयाचे, अशी ही पद्धत होती.

महाराष्ट्राचा या बंदराशी असलेला संबंध प्राचीन आहे. पैठण व तेर (तगर) येथील माल गाड्यांवर लादून दूरच्या वाटेने भडोच येथे आणला जाई, असे पेरिप्लसमध्ये नमूद आहे. पैठणहून अकीकासारखे दगड व तेरहून सुती कापड येत असे. क्षत्रप राजा नहपान याचा जावई उषवदात याने भरुकच्छ, दशपूर, गोवर्धन व शूर्पारक येथे धर्मशाळा बांधल्याचा उल्लेख नासिक येथील पांडवलेण्यांतील शिलालेखात आढळतो. सातव्या शतकात चिनी प्रवासी ह्युएनत्संग येथे आला होता.

पुढे हा प्रदेश चालुक्य (सोळंकी) राजे, दिल्लीचे सुलतान, गुजरातचे सुलतान व मोगल यांच्या सत्तेखाली आला. सतराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात इंग्रज व डच यांनी कापडाच्या व्यापारासाठी येथे वखारी काढल्या. मराठ्यांनी १६७५ व १६८६ मध्ये भडोचवर स्वाऱ्या केल्या. अठराव्या शतकात येथे नबाबाची सत्ता होती, तथापि वसुलाचा वाटा गायकवाडांस द्यावा लागे. नोव्हेंबर १७७२ मध्ये इंग्रजांनी शहर जिंकले. पहिल्या इंग्रज-मराठा युद्धानंतर १७८३ मध्ये ते महादजी शिंदे यांच्याकडे आले आणि १८०३ पर्यंत शिंद्यांकडे राहिले. त्या वर्षी ऑगस्टमध्ये इंग्रजांनी ते पुन्हा घेतले व सुर्जी-अंजनगावच्या तहाने त्यावर शिक्कामोर्तब झाले. मुंबई इलाख्यातील एक जिल्हा म्हणून भडोचचा कारभार चालला. महात्मा गांधींची १९३० मधील दांडीयात्रा जंबुसर, आमोद, भडोच व अंकलेश्वर या मार्गाने गेली. स्वातंत्र्यानंतर १९४८ मध्ये राजपीपला संस्थान या जिल्ह्यात विलीन करण्यात आले. १ मे १९६० रोजी जिल्हा गुजरात राज्यात समाविष्ट झाला आणि २ ऑक्टोबर १९९७ रोजी त्याच्या पूर्व भागातून नर्मदा हा वेगळा जिल्हा निर्माण करण्यात आला.

शेती : काळी, ओल धरून ठेवणारी जमीन हे जिल्ह्याचे मोठे धन आहे. कापूस हे परंपरागत मुख्य पीक असून कानममधील लांबसर व मऊ धाग्याचा देशी कापूस ‘भडोच’ याच नावाने बाजारात ओळखला जाई. मुंबईच्या कापूस बाजारातील वायद्याच्या सौद्यांसाठी दीर्घकाळ ‘भडोच’ ही आधारभूत जात मानली जात होती. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात (१८६१–६५) तेथील कापूस इंग्लंडला मिळेनासा झाल्यामुळे येथील कापसाचे भाव अतोनात चढले व त्याखालील क्षेत्र वाढले. कापसाखेरीज तूर, ज्वारी, गहू, भात ही पिके होतात. अंकलेश्वर, हांसोट व वालिया या नर्मदेच्या दक्षिणेकडील तालुक्यांना तापीवरील उकाई धरणाच्या उजव्या कालव्याचे पाणी मिळू लागल्यापासून तेथे ऊस वाढला आणि पंडवाई व वटारिया येथे सहकारी साखर कारखाने उभे राहिले. झगडिया तालुक्यात नदीकाठच्या गाळाच्या जमिनीत केळीच्या बागा आहेत. उत्तरेकडील तालुके सरदार सरोवराच्या कालव्यांच्या लाभक्षेत्रात येतात. काळ्या जमिनीतून पाण्याचा निचरा सावकाश होत असल्याने कालव्याच्या पाण्याचा वापर जपून न केल्यास जमीन पाणथळ व खारवट होण्याचा धोका असतो. त्यासाठी चर खणणे व पाणी बेतून देणे आवश्यक ठरते.

खनिजे : खनिज तेल व नैसर्गिक वायू ही येथील सर्वांत महत्त्वाची खनिजे होत. खंबायत खोऱ्याच्या गाळाच्या खडकांत, विशेषतः आदिनूतन कालीन वालुकाश्मांत, त्यांचे साठे आहेत. १९६० मध्ये तेल व नैसर्गिक वायू आयोगास अंकलेश्वर येथे तेल लागले. येथील पहिल्या विहिरीस पंडित जवाहरलाल नेहरू यांनी ‘वसुधारा’ असे नाव दिले. १९६१ मध्ये उत्पादनास प्रारंभ झाला. स्वतंत्र भारतात आसामबाहेर सापडलेले हे पहिले मोठे तेलक्षेत्र होय. येथील तेल शुद्धीकरणासाठी वडोदऱ्याजवळील कोयली येथे पाठविले जाते. १९८० नंतरच्या दशकात वागरा तालुक्यातील गंधार येथे दुसरे मोठे क्षेत्र सापडले. झगडिया तालुक्यात राजपारडी येथे लिग्नाइट कोळशाच्या खाणी आहेत. त्याच परिसरात काचधंद्यास लागणारी सिलिका वाळू मिळते. जवळच्या रतनपूर येथील अकीक दगड शतकानुशतके खंबायतच्या कारागिरांकडे मणी घडविण्यासाठी जात आला आहे. रतनपूरच्या टेकडीवरील बावा घोर यांचा दर्गा सिद्दी लोकांचे श्रद्धास्थान असून हा धंदा त्यांच्यापासून सुरू झाला, असे परंपरा सांगते.

उद्योगधंदे : भडोचच्या हातमागाच्या कापडाची ख्याती जुनी आहे. त्यांपैकी सुजनी विणण्याची कला आजही टिकून आहे. सुजनी हे दुपदरी कापड असून विणतानाच त्याच्या चौकोनी खणांत कापूस भरला जातो. त्यामुळे टाका न घालता गोधडी तयार होते. जेम्स लँडन याने १८५३ मध्ये भडोच येथे स्थापन केलेली कापड गिरणी गुजरातमधील पहिली समजतात. सरकी काढण्याचे व गाठी बांधण्याचे कारखाने, किनाऱ्यावरील मिठागरे आणि भडोचचे खारे शेंगदाणे हे अन्य जुने व्यवसाय होत.

तेल व वायू सापडल्यानंतर जिल्ह्याचे औद्योगिक स्वरूप पालटले. गुजरात औद्योगिक विकास महामंडळाने १९७० नंतरच्या दशकात अंकलेश्वर येथे वसाहत स्थापन केली. मुंबई-अहमदाबाद हमरस्ता व लोहमार्ग, नर्मदेचे पाणी, जवळचा वायू आणि मुंबईची बाजारपेठ या चार गोष्टी एकत्र आल्यामुळे रंगद्रव्ये, औषधे, कीटकनाशके व त्यांसाठी लागणारी मध्यम रसायने यांचे शेकडो कारखाने तेथे निघाले. आशियातील मोठ्या रसायन वसाहतींत तिची गणना होते. पुढे पानोली, झगडिया, विलायत, सायखा व दहेज येथेही वसाहती वाढल्या. १९७६ मध्ये स्थापन झालेल्या गुजरात नर्मदा खोरे खत कंपनीचा अमोनिया व यूरिया निर्मितीचा कारखाना भडोचजवळ १९८२ मध्ये सुरू झाला. कंपनीने नंतर मिथेनॉल, ॲसिटिक अम्ल इ. रसायनांचेही उत्पादन हाती घेतले. दहेज येथे तांबे शुद्ध करण्याचा मोठा कारखाना व खनिज तेल रसायनांची संकुले आहेत. तेथील सु. ४५३ चौ. किमी. क्षेत्र खनिज तेल, रसायने व खनिज तेल रसायने यांचा गुंतवणूक प्रदेश म्हणून राखून ठेवण्यात आले आहे. जंबुसर तालुक्यात औषधी मूलद्रव्यांच्या निर्मितीसाठी नियोजित केलेल्या उद्यानाचा पायाभरणी समारंभ ऑक्टोबर २०२२ मध्ये झाला.

या वाढीची किंमतही जिल्ह्याला द्यावी लागली. अंकलेश्वरचे सांडपाणी आमलाखाडी या लहान ओढ्यातून वाहून अमरावती व नर्मदा यांच्या पात्रांकडे जाई. खाडीकाठच्या गावांतील विहिरींचे पाणीही त्यामुळे बिघडले. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ मध्ये देशातील औद्योगिक क्षेत्रांची जी गुणांकने प्रसिद्ध केली, त्यांत अंकलेश्वरचा निर्देशांक ८८.५० म्हणजे सर्वांत अधिक होता. परिणामी २०१० पासून काही वर्षे तेथे नव्या व विस्तारित कारखान्यांना परवानगी देणे थांबविण्यात आले. तत्पूर्वीच, सामाईक केंद्रांत शुद्ध केलेले सांडपाणी नळाने हांसोट तालुक्यातील कांटियाजाळ येथे समुद्रात सोडण्याची योजना अंमलात आली होती. या व्यवस्थेने ओढ्यावरील भार हलका झाला. परंतु आखातातील पाणी भरतीबरोबर पुन्हा किनाऱ्याकडे येत असल्याने शुद्धीकरण मूळ कारखान्यातच कितपत होते, यावर तिचे यश अवलंबून राहते. रसायनांच्या साठवणुकीतील धोकाही मोठा आहे. ३ जून २०२० रोजी दहेज येथील एका रासायनिक कारखान्यात स्फोट होऊन कामगार मृत्युमुखी पडले व शेजारच्या गावांतील लोकांना तात्पुरते हलवावे लागले.

वाहतूक : उत्तर-दक्षिण जाणारा प्रत्येक मार्ग भडोचजवळ नर्मदा ओलांडतो, त्यामुळे जिल्ह्याच्या वाहतुकीचा इतिहास मुख्यतः पुलांचा इतिहास आहे. मुंबई-बडोदा व मध्य हिंदुस्थान रेल्वेचा पहिला टप्पा अंकलेश्वर ते उतराण असा १८६० मध्ये खुला झाला. त्याच सुमारास नर्मदेवर बांधलेला लोहमार्गाचा पूल पुरांनी वारंवार मोडला. म्हणून ७ डिसेंबर १८७७ रोजी नव्या पुलाचे काम हाती घेण्यात आले व १६ मे १८८१ रोजी ते पूर्ण झाले. सु. १,४१२ मी. लांबीच्या या लोखंडी पुलास सु. ४५.६५ लक्ष रु. खर्च आला. आधीच्या पुलाच्या दुरुस्त्यांसह झालेल्या एकूण खर्चात सोन्याचा पूल झाला असता, या लोकसमजुतीवरून त्यास ‘गोल्डन ब्रिज’ असे नाव पडले. १९३५ मध्ये लोहमार्गासाठी स्वतंत्र ‘सिल्व्हर ज्युबिली’ पूल बांधला गेल्यावर जुना पूल रस्त्याच्या वाहतुकीस देण्यात आला. नर्मदेच्या पुराची पातळी आजही या पुलाजवळ फुटांत मोजली जाते; तेथील धोक्याची पातळी २४ फूट आहे.

राष्ट्रीय महामार्गावर (पूर्वीचा क्र. ८, आताचा क्र. ४८) १९७७ मध्ये सरदार पूल व २००० च्या सुमारास त्याच्या जोडीस दुसरा पूल झाला. तथापि अवजड वाहनांची कोंडी वाढत गेल्याने ७ मार्च २०१७ रोजी सु. १.३ किमी. लांबीचा, तारांनी तोललेला नवा पूल वाहतुकीस खुला करण्यात आला. भडोच व अंकलेश्वर या जुळ्या शहरांदरम्यान जुन्या पुलाशेजारी बांधलेला नर्मदा मैया पूल जुलै २०२१ मध्ये सुरू झाला. दिल्ली-मुंबई द्रुतगती मार्गाचा वडोदरा-भडोच टप्पा फेब्रुवारी २०२४ मध्ये व मालवाहतुकीच्या स्वतंत्र पश्चिम लोहमार्गाचा मकरपुरा-घोलवड टप्पा मार्च २०२४ मध्ये खुला झाला. मुंबई-अहमदाबाद अतिवेगवान लोहमार्गावरील १२ स्थानकांत भडोचचा समावेश आहे. भडोच-दहेज हा जुना अरुंदमापी मार्ग २०१२ मध्ये रुंदमापी करण्यात आला, त्यामुळे दहेज बंदर मुख्य लोहमार्गास थेट जोडले गेले.

बंदरे : नदीतून भरतीच्या आधाराने वर येणाऱ्या शिडाच्या गलबतांस भडोच बंदर सोयीचे होते. जहाजांचा आकार वाढला, मुखातील गाळाचे दांडे अडचणीचे ठरू लागले आणि लोहमार्गाने कापूस सरळ मुंबईस जाऊ लागला, तेव्हा एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या बंदराचे महत्त्व ओसरले. ढाढरकाठचे टंकारी व गंधार ही लहान बंदरेही मागे पडली. सु. शंभर वर्षांनी नदीमुखाच्या उत्तरेस दहेज येथे आधुनिक बंदर विकसित झाले. येथे धक्का किनाऱ्यालगत नसून लांब सेतूने आखातातील खोल पाण्यापर्यंत नेलेला आहे. त्यामुळे मोठी जहाजे गाळाचा पट्टा टाळून लागू शकतात. भारतातील पहिले द्रवरूप नैसर्गिक वायूचे आयातकेंद्र २००४ मध्ये येथे सुरू झाले. कतारहून अतिशीत अवस्थेत आलेला वायू येथे पुन्हा वायुरूप करून नळांनी देशभर पाठविला जातो. त्यांपैकी दहेज-उरण-पनवेल-दाभोळ हा नळ महाराष्ट्रात आला आहे. केंद्राची वार्षिक क्षमता प्रारंभी ५० लक्ष टन होती. ती २०१९ पर्यंत १७५ लक्ष टनांवर गेली.

गाळाचा प्रश्न मात्र सुटलेला नाही. दहेज व सौराष्ट्रातील घोघा यांमध्ये समुद्रमार्गे अंतर सु. ३१ किमी., तर रस्त्याने आखातास वळसा घालून सु. ३६० किमी. आहे. हे अंतर वाचविण्यासाठी ऑक्टोबर २०१७ मध्ये नौकासेवा सुरू झाली व पुढील वर्षी तीतून वाहनेही जाऊ लागली. परंतु दहेजच्या धक्क्याजवळ गाळ साचून खोली अपुरी पडल्यामुळे २०१९ मध्ये ती बंद पडली आणि नोव्हेंबर २०२० पासून सेवा घोघा-हजिरा मार्गावर नेण्यात आली. नर्मदा २०१६ च्या कायद्याने राष्ट्रीय जलमार्ग (क्र. ७३) म्हणून घोषित झाली आहे. नर्मदा परिक्रमा करणारे यात्रेकरू, ज्यांत महाराष्ट्रातील भाविकांची संख्या मोठी असते, हांसोट तालुक्यातील विमलेश्वर येथून होडीने नदीमुख ओलांडून वागरा तालुक्यातील मिठी तलाई येथे उतरतात. त्यांची होडीही भरतीची वेळ पाहूनच सुटते.

नदीमुखाचा प्रश्न : मुखापासून सु. १५० किमी. वरच्या बाजूस नर्मदा जिल्ह्यात असलेल्या सरदार सरोवर धरणाने गुजरातच्या दूरवरच्या कोरड्या प्रदेशांस पाणी मिळाले. धरणाची पूर्ण उंची (१३८.६८ मी.) गाठली गेल्यावर सप्टेंबर २०१७ मध्ये ते राष्ट्रास अर्पण करण्यात आले. धरणाखाली नदीत किमान ६०० घनफूट प्रतिसेकंद पाणी सोडण्याचे ठरले होते. एवढ्या रुंद मुखाच्या मानाने हे पाणी अल्प असल्याने उन्हाळ्यात, विशेषतः अवर्षणाच्या वर्षी, भरतीचे खारे पाणी भडोचच्याही वर चढू लागले. नदीकाठच्या विहिरी खारट झाल्या, पिकांचे नुकसान झाले व हिलशाची पकड घटली. याउलट धरण भरलेले असताना पाणलोटात मुसळधार पाऊस झाल्यास पूर एकदम येतो. सप्टेंबर २०२३ मध्ये असाच पूर येऊन भडोच व अंकलेश्वरच्या सखल वस्त्या आणि नदीकाठची शेती पाण्याखाली गेली.

यावर उपाय म्हणून भाडभूत येथे, मुखापासून सु. २५ किमी. वर, दरवाजे असलेला बंधारा योजिण्यात आला. त्याची कोनशिला ८ ऑक्टोबर २०१७ रोजी बसविली गेली. भरतीचे पाणी अडविणे, सु. ६० कोटी घ. मी. गोडे पाणी साठवून शहरांना व उद्योगांना पुरविणे, काठांवर बांध घालून पुरापासून संरक्षण देणे आणि बंधाऱ्यावरून दहेज व हांसोट यांना जोडणारा रस्ता काढणे, हे त्याचे उद्देश होत. मच्छीमारांनी या योजनेस आक्षेप घेतला आहे. गोड्या व खाऱ्या पाण्याच्या संगमावरच हिलसा वाढतो व वर चढतो. तो मार्ग अडल्यास त्यांचे उपजीविकेचे साधन जाईल, असे त्यांचे म्हणणे आहे. माशांना वाट ठेवण्यासाठी आराखड्यात विशेष दरवाजे ठेवलेले आहेत. पात्रातील गाळाचे वहन, बंधाऱ्यावरील साठ्याची शुद्धता व खालच्या मुखाची खोली यांवर अशा कामाचे परिणाम दिसण्यास अनेक वर्षे लागतात. शेतकरी, कारखानदार व मच्छीमार या तिघांच्या गरजा एकाच प्रवाहातून भागवावयाच्या असल्याने नदीत सोडावयाच्या पाण्याचे प्रमाण हा येथील कळीचा प्रश्न ठरला आहे.

लोक व समाजजीवन : लोकसंख्येपैकी सु. एक-तृतीयांश लोक शहरांत राहतात. अनुसूचित जमातींचे प्रमाण सु. ३१ टक्के असून भिल्ल व त्यांतील वसावा हे पूर्वेकडील तालुक्यांत बहुसंख्य आहेत. भाषा गुजराती, टेकड्यांत भिल्ली बोली बोलल्या जातात. भडोचचे व्होरा पटेल शेतकरी असून त्यांच्यातील पुष्कळ कुटुंबे इंग्लंड, दक्षिण आफ्रिका इ. देशांत स्थायिक झाली आहेत. औद्योगिक वसाहतींमुळे उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशा, महाराष्ट्र आदी राज्यांतील कामगार येथे आले आहेत. प्रसिद्ध गुजराती कादंबरीकार व भारतीय विद्याभवनाचे संस्थापक कन्हैयालाल मुन्शी यांचा जन्म भडोच येथे १८८७ मध्ये झाला.

महत्त्वाची स्थळे : भडोच शहरात भृगू ऋषींचे मंदिर, मुनिसुव्रत तीर्थंकरांचे जैन मंदिर, चौदाव्या शतकातील जामी मशीद, नदीकाठचा जुना कोट व डच थडगी प्रेक्षणीय आहेत. शुक्लतीर्थ येथे कार्तिक महिन्यात मोठी यात्रा भरते. कबीरवड, झगडिया तालुक्यातील कडिया डुंगर येथील लेणी, रतनपूरचा बावा घोर दर्गा आणि कावी-कंबोई येथील स्तंभेश्वर ही इतर उल्लेखनीय स्थळे होत.